फटफटीला पाण्याचा कूलर

आमच्या पाड्यात पहिली पदवी माझी. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या डॉक्टर आहेत ते कुठे गप्प बसतात?

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला आमचं घर. घरापुरता भात, घरापुरती नागली, आणि उरलेलं वर्ष बाबा बोर्डीला चिकूच्या वाडीत मजुरीला. मी आश्रमशाळेतून कॉलेजात गेले, पास झाले, आणि अच्छाडला हायवेवर ट्रकांचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका शेडमध्ये कामाला लागले. पदवी पाड्यातल्या लोकांना कळली, शेड कळली नाही. "एवढी शिकली, तरी हात काळेच?" असं एका मावशीने माझ्या आईला तोंडावर विचारलं. आई म्हणाली, "काळे हात धुता येतात."

शेडचे मालक म्हणजे काका. माझे नात्याने कुणी नाहीत; हायवेवर सगळेच त्यांना काका म्हणतात. चेकपोस्टच्या रांगेत उभे राहून राहून ट्रक उकळतात, ड्रायव्हर शिव्या देत आमच्याकडे येतात, आणि आम्ही गळती शोधतो. तांब्या-पितळेचं जुनं काम काका करतात. अ‍ॅल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग मी करते, आणि चांगलं करते. माझा टाका बघून ड्रायव्हर विचारतात, हे कंपनीतूनच असं आलंय का. मी हो म्हणत नाही. मी सांगते, हे मी केलंय.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात जुन्या टायरांचा ढीग होता. तो मी हलवला, तिथे एक टेबल आणि एक पंखा मांडला, आणि ट्रकांतून सवड मिळाली की मोटारसायकलला टर्बो बसवण्याचं काम सुरू केलं. काकांनी आधी दुर्लक्ष केलं, मग टोमणे मारले, आणि मग गिऱ्हाईक यायला लागलं तसे ते माझा चहासुद्धा त्या टेबलावर पाठवायला लागले.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण दाबलेली हवा तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक कसं हाताला चटका देतं, तसंच. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे कोंबण्याचा अर्धा फायदा गेला. वर पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि इंजिनातून मडक्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये हवा थंड करणारा एक कूलर लागतो.

ट्रकला तो पुढे असतो. मोठी जाळी, वाऱ्यावर थंड होणारी. काकांचं म्हणणं सरळ होतं.

"ट्रकला वाऱ्याचा कूलर चालतो, मग फटफटीला पाण्याचा कशाला, इंजिनेरबाई?"

"काका, ट्रकचं तोंड केवढं आणि फटफटीचं तोंड केवढं? जाळी लावू कुठे, हँडलवर? वारा अडवायला आधीच पुढे चाक आहे."

"मग पाणी कुठे ठेवणार? सीटवर?"

"सीटखाली."

माझी रचना अशी. टर्बोच्या जवळच एक छोटा बंद डबा, आत बारीक पत्र्यांची जाळी. एका बाजूने तापलेली हवा जाते, दुसऱ्या बाजूने पाणी. हवेतली उष्णता पाणी घेतं. सीटखाली पाण्याची टाकी, तिथून छोटा विजेचा पंप ते पाणी डब्यात ढकलतो. डब्यातून पाणी पुढे हेडलाइटखालच्या लहान रेडिएटरला जातं, तिथे उष्णता टाकतं आणि टाकीत परत येतं. हवेच्या नळ्या आखूड राहतात, त्यामुळे मूठ पिळली की ताकद लगेच मिळते. पाण्याचा गुण मोठा आहे. तेवढ्याच जागेत ते वाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढतं. दोषही आहे. पाणी उष्णता गिळतं, पचवत नाही. पचवायचं काम पुढच्या रेडिएटरचं. तो लहान पडला तर पहिली धाव झकास आणि तिसऱ्या धावेला तुमचा कूलर म्हणजे चुलीवरचं आधण. म्हणून रेडिएटरच्या मापावर मी सगळ्यात जास्त डोकं खर्च केलं होतं, त्याच्यामागे पंखा लावला होता, आणि गाडी उभी असली तरी पंप चालू राहील अशी वायरिंग केली होती.

ही गाडी बोर्डीच्या एका शेठची. वय पस्तिशीचं, चिकूची वाडी वडिलोपार्जित, घरात गुजराती, बाहेर मराठी, आणि फोनवर दिवसभर परदेशातल्या टर्बोच्या गाड्यांचे व्हिडिओ. त्यांच्याच वाडीत माझे बाबा चिकू काढायला जातात. शेठ मला बेन म्हणतात आणि बाबांना नावाने हाक मारतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्यावर इथे जास्त लिहीत नाही. दोन सिलिंडरची त्यांची गाडी, त्यावर छोट्या डिझेल कारमधून काढलेला टर्बो. काम घेताना काका माझ्यासमोर त्यांना म्हणाले, "शेठ, ही हिची जबाबदारी." आणि शेठ गेल्यावर मला म्हणाले, "हे बघ. शेजारचा टायरवाला मागचा कोपरा रोज मागतोय. हे काम फसून परत आलं, तर कोपरा टायरांना. तू पुढे ट्रकांवर ये. रागाने नाही सांगत."

रागाने नव्हतेच सांगत. म्हणूनच मला ते जास्त लागलं. टेबल दुसरीकडेही मांडता येतं, पण अच्छाडला एक मुलगी स्वतःच्या डोक्याने काहीतरी घडवते ही गोष्ट त्या कोपऱ्यातच होती.

शेडमागे आम्ही गाडी साध्या पाण्यावर तपासली. सगळं ठीक. मग ठरला रविवार. वापीच्या पुढे एका बंद कारखान्याच्या आवारात लांब सरळ सिमेंटचा रस्ता आहे. मालकाच्या परवानगीने हौशी लोक तिथे गाड्या पळवतात. अशी गाडी रस्त्यावर चालवायची परवानगी नसते, म्हणून टेंपोत घालून न्यायची. टेंपोवाला डहाणूच्या खाडीकडचा, वाडीतले चिकूचे क्रेट आणि अधूनमधून बंदरावरची मासळी नेणारा, बडबड्या. गाडी चढवाय-उतरवायला शेठने बाबांना बरोबर घेतलं होतं. काका स्वतःहून आले. "मला काय, रविवार आहे," म्हणाले.

शेठला बर्फ हवा होता. त्यांच्या व्हिडिओत टाकीत बर्फ टाकतात. मी म्हटलं होतं, एका छोट्या धावेला बर्फाने फायदा होतो, पण आपल्याला त्याची गरज नाही. आणायचाच तर पिण्याच्या पाण्याची स्वच्छ लादी आणा. मी फाटकावर नाव नोंदवायला गेले, परत आले, तर टाकी काठोकाठ बर्फाने भरून झाकण लावून तयार. शेठ हात झटकत होते.

"बेन, तमारी नळ्यांना नव्या रबराचा वास बहु येतो हां."

वास मलाही आला, रबराचा नव्हता; पण टेंपोला तसा वास नेहमीच असतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही. रांगेत नंबर आला होता.

शेठ निघाले. सुरुवात सुरेख झाली. अर्ध्या रस्त्यावर मात्र तो आवाज आला, मडक्यातले खडे. लांबून, पण मला लगेच कळला. शेठने मूठ सोडली आणि गाडी तशीच घरंगळत परत आणली. हेल्मेट काढताना त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"काटा सत्तरच्या वर गेला, बेन! शूं फायदो? तमारुं पाणी काम करतच नाही."

काटा म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या तापमानाचा. शेजारी सुरतेकडचा एक मेकॅनिक त्याच्या गिऱ्हाइकाच्या गाडीपाशी उकिडवा बसला होता. तो न उठताच म्हणाला, "मैडम, बाइक पे पानी का क्या काम? बाइक है, मटका थोड़ी है!"

चारपाच जण हसले. टेंपोवालाही हसला, मग बाबांकडे बघून थांबला.  काका मनातल्या मनात कोपऱ्यात टायर रचत होते, मला दिसत होतं.

बाबा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, शेठला उलट बोलू नको. चुकला असेल तर चुकला म्हन. मोकळी हो."

"बाबा, चुकलं असेल तर म्हणेन. आधी बघू तर द्या."

मी सीट काढली, टाकीचं झाकण उघडलं आणि हात मनगटापर्यंत आत घातला. गारव्याने बोटांची हाडं दुखली. मग टर्बोजवळच्या डब्याला दुरूनच हात नेला. धग. मग पंपाच्या पुढची नळी धरली. ती ना गार ना गरम. उन्हात पडलेल्या कुठल्याही नळीसारखी.

तिथेच मला उत्तर मिळालं. आनंद इतका झाला की शेठ समोर उभे आहेत हेही मी विसरले.

"शेठ, इकडे या. टाकीत हात घाला."

"मी?"

"घाला ना. गार आहे की नाही?"

"बरफ जेवुं, अगदी बर्फासारखं."

"माझी रचना चुकली असती तर हे पाणी तापलं असतं. हवेतली उष्णता पाण्यात यायला हवी होती, ती आलीच नाही. पाणी गार आणि हवा गरम, म्हणजे पाणी डब्यापर्यंत पोचलंच नाही. टाकीत नुसतं बसून राहिलंय."

"पंप बंद पडला?" काका पुढे झाले. त्यांनी पंपाला कान लावला. "नाही गं. वाजतोय."

"वाजतोय, ढकलत नाही. तोंडाशी काहीतरी अडकलंय."

सुरतेचा मेकॅनिक आता उठून आला होता. मी क्लिप सैल केली, नळी ओढली. पाण्याची धार यायला हवी होती. नुसते थेंब पडले. पंप सोडवला आणि त्याचं तोंड उन्हाकडे धरलं. आत चंदेरी काहीतरी थरावर थर बसलं होतं, टिकल्यांसारखं चमचमणारं. बोटाने खरवडलं तर बोटाला चिकटलं.

शेठ वाकून बघत होते. "हे काय? बर्फाचे पापुद्रे?"

 मी ओळखलं होतं, काकांनी ओळखलं होतं, बाबांनी तर कधीच ओळखून मान खाली घातली होती. वाडीच्या शेठला ते कोण सांगणार? त्यांच्या घरात अंड्याचं नावसुद्धा घेत नाहीत. त्यांची आई तर बाजारातून येताना मासळीच्या गल्लीला वळसा घालून येते.

शेवटी टेंपोवालाच म्हणाला, "शेठ, ते पापलेटचे खवले."

"कशाचे?"

"मासा, शेठ. पापलेट."

शेठने हात पँटला पुसले. मग पँटकडे बघितलं. मग हात अंगापासून लांब धरून उभे राहिले.

"बरफ तू कहांसे लाया?" घाबरले की ते हिंदीत जातात.

"तुम्ही सांगितलंत ना, बर्फ आण म्हणून! डहाणूत बर्फ म्हणजे बंदरावरचाच. माझ्या भावाने मासळीच्या पेटीतला दिला फोडून. कालच मासळी उतरली होती, बर्फ अजून चांगला होता. फुकट घालवायचा का?"

"पण मी स्वतः माझ्या हाताने भरला!"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मला कसं माहीत असेल, खवले कसे दिसतात ते!"

आता सगळं आवारच हसत होतं, आणि मला सांगायला हरकत नाही, मीही हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, की मी आता शेठला काय बोलते.

मी म्हटलं, "शेठ, तुमची चूक नाही. ज्याने जन्मात मासळीची पेटी उघडून बघितली नाही, त्याला हे बर्फच वाटणार. गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही मूठ वेळेवर सोडलीत. आता मला थोडा वेळ द्या."

शेठ तिथेच सावलीत बसले, हात अजून लांब धरून. बाबांनी त्यांना पाणी ओतून दिलं, आणि शेठने हात धुतले, मग पुन्हा धुतले.

मी टाकी रिकामी केली. डब्याच्या नळ्या सोडवल्या आणि उलट्या बाजूने पिण्याच्या जारमधलं पाणी सोडलं, म्हणजे अडकलेलं सगळं आल्या वाटेने बाहेर पडतं. खवले सिमेंटवर पसरले आणि उन्हात चमकायला लागले. पाणी स्वच्छ येईपर्यंत मी थांबले नाही. मग पंप बसवला, टाकीत जारमधलं साधं पाणी भरलं आणि झाकण लावलं.

"बरफ वगर?" शेठने विचारलं.

"बर्फाशिवाय."

काकांनी मला बाजूला घेतलं. "कशाला हट्ट करतेस? फाटकाबाहेर सरबतवाला आहे, त्याच्याकडे स्वच्छ लादी आहे. टाक थोडा. आज नाक वाचव, मग हवं ते सिद्ध कर."

त्यांना माझी काळजीच होती. पण मी म्हटलं, "काका, आज बर्फ टाकला तर सगळे म्हणतील बर्फ चालला. मला माझा रेडिएटर चाललेला बघायचाय. नाहीतर कोपरा ठेवून तरी काय करू?"

रांग लांब होती. पाण्याच्या कूलरची खरी परीक्षा रांगेतच होते. ऊन वरून, इंजिन खालून, वारा कुठे नाही, आणि पाणी हळूहळू सगळ्यांची उष्णता पीत बसतं. शेठ गाडीवर, मी बाजूला, काटा दोघांच्या डोळ्यांसमोर. तो वर सरकला. मी पुढच्या पंख्यापुढे तळहात धरला. गरम झुळूक लागत होती. म्हणजे पाणी तिथवर येत होतं आणि उष्णता टाकत होतं. काटा अजून थोडा सरकला आणि थांबला. बाहेरच्या उन्हापेक्षा जरासाच वर. तिथेच राहिला. "जाऊ?" शेठने विचारलं. मी म्हटलं, "पूर्ण पिळा."

ते गेले. मी डोळे मिटून ऐकलं. गिअर बदलताना टर्बोची ती फुस्स, मग पुन्हा चढता आवाज, पुन्हा फुस्स. एकही खडा वाजला नाही. रस्त्याच्या टोकाला आवाज लहान झाला आणि मी डोळे उघडले, तर बाबासुद्धा मान वाकडी करून ऐकत होते. त्यांना टर्बो कळत नाही. पण मघाचा आवाज आणि आताचा आवाज यातला फरक त्यांना कळला होता.

शेठ परत आले, हेल्मेट न काढताच ओरडले, "फरी थी! पुन्हा!" आणि रांगेत आता मागे कुणी उरलं नव्हतं म्हणून गाडी न थंडावता लगेच दुसऱ्यांदा गेले. मला तेच हवं होतं. दुसऱ्या धावेनंतर मी काट्यावर बोट ठेवून काकांना दाखवलं. आताच्या आधीच्या धावेपेक्षा किंचित वर, बस्स. काकांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं, आणि "हं" म्हणाले. आमच्या शेडमध्ये "हं" फार कमी लोकांना मिळतो.

सुरतेचा मेकॅनिक डब्यापाशी उकिडवा बसून वेल्डिंगवरून नख फिरवत होता.

"ये टाँका किसने मारा?"

"मैंने."

त्याने अजून एकदा बघितलं. "अच्छा मटका बनाया है, मैडम."

गाडी टेंपोत चढवल्यावर शेठने मला थोडं लांब बोलावलं. मला वाटलं, पुढच्या कामाचं काहीतरी. ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "बेन, गाडी आज घरी नाही नेत. तमे शेडवर घेऊन जा. टाकी, नळ्या, सगळं साबणाने धुवा. पुन्हा धुवा. बाला, आईला कळलं तर गाडी अंगणात उभी नाही राहू देणार. मलापण नाही."

"धुते. आणि टाकीच्या तोंडाला बारीक जाळी बसवते, म्हणजे यापुढे कुठलाच मासा आत येणार नाही."

"नाव नका घेऊ," शेठ म्हणाले. मग स्वतःच हसले. "अने आवता महिन्यात माझ्या साडूची गाडी पाठवतो. पण त्याला हे सांगायचं नाही."

परतताना आम्ही टेंपोच्या मागे गाडी धरून बसलो होतो, काका, बाबा आणि मी. अच्छाड जवळ आलं, ट्रकांची रांग दिसायला लागली, तेव्हा काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या टायरवाल्याला उद्या तूच सांग. म्हणावं, जागा नाही." मी म्हटलं, "सांगते." 

बाबा मात्र वाटभर मागे पळणाऱ्या रस्त्याकडेच बघत बसले होते. शेठला मी उलट बोलले याचा त्यांना राग आला असेल असं मला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी गेले, तर ओट्यावर पाड्यातली आठदहा माणसं बसलेली आणि बाबा मधोमध. शेठने हात कसे लांब धरले होते ते उभे राहून दाखवत होते. ती मावशीसुद्धा पुढेच बसली होती.

"मंग माझे पोरीन इंजिन खोलला," बाबा सांगत होते, "आन् बघतो तं काय, आत आख्खा पापलेट!"

"बाबा, इंजिन नाही, पंप," मी अंगणातूनच म्हटलं. "आणि आख्खा नाही, खवले."

"तू थांब," बाबा म्हणाले. "तुला सांगता येत नाय."

मावशीने सरकून मला बसायला जागा दिली, आणि बाबांनी पापलेटचा आकार हाताने दाखवला. कोपरापर्यंत आला होता.